हरेगावचे चर्च आणि त्याच्या भिंतीमागील माणसे

वसंत व्याख्यानमालेत यंदा एका खेड्यातील कॅथॉलिक चर्चविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "तुम्ही कामगारांत वावरणारे. बोनस, महागाई भत्ता, संप हे तुमचे विषय. चर्चची इमारत तुमच्या हाती कशी आली?" प्रश्न रास्त होता. आम्ही ख्रिस्ती नाही, शिल्पशास्त्रही कोणा महाविद्यालयात शिकलो नाही. शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील एका लोखंडी कपाटातील पुस्तकांवर. परंतु कोणतीही इमारत दिसली की ती कोणी बांधली, मजुरी काय मिळाली आणि बांधून झाल्यावर बांधणाऱ्याला आत येऊ दिले की नाही, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मात्र आम्हांस जडली आहे. हेच प्रश्न घेऊन आज आपण आपल्या जिल्ह्यातील एका चर्चच्या दारात जाणार आहोत.

हे चर्च श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावचे. संत तेरेजा हिच्या नावाने ते ओळखले जाते. सप्टेंबर महिना आला की हरेगावच्या रस्त्याला माणसांची रीघ लागते. ८ सप्टेंबर हा येशूची माता मरिया हिचा जन्मदिन मानतात. त्या सुमारास येथे मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ सालापासून ती चालू आहे. मुंबईस वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीला कोळी लोक मोतमाउली म्हणतात, ती जत्राही याच दिवसांतली. यात्रेआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात. मग जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून माणसे येतात, नवस बोलतात, नवस फेडतात, मेणबत्त्या लावतात. त्यात ख्रिस्ती नसलेली माणसेही पुष्कळ असतात. नगरी माणसाला यात हिंदू कोणता आणि ख्रिस्ती कोणता हे पेहरावावरून ओळखता यावयाचे नाही. तेच नऊवारी लुगडे, तीच टोपी, तीच भाकरीची चवड. आपण शहरातील लोक ही गर्दी वर्तमानपत्रातील छायाचित्रात पाहतो आणि पान उलटतो. या गर्दीच्या मागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळल्यावाचून ती इमारतही कळावयाची नाही.

दुष्काळ, आगगाडी आणि फादर

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. विहिरी आटल्या, जनावरे मेली, माणसे खडी फोडण्याच्या आणि मातीच्या कामांवर गेली. त्याच काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम चालू होते. तो १८७८ साली सुरू झाला. आज आपण नगरहून गाडीत बसून राहुरी, बेलापूर करीत जातो, त्या रुळांखालच्या भरावात दुष्काळी मजुरांचा घाम आहे.

ख्रिस्ती प्रचारक त्यापूर्वीच जिल्ह्यात आले होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथॉलिक धर्मगुरू नगरास प्रथम होते ते छावणीतील कॅथॉलिक सोल्जरांसाठी. मुंबई-पुणे भागातील कॅथॉलिक मिशन १८५० नंतरच्या दशकात जेसुइट संघाच्या जर्मन शाखेकडे सोपविले गेले होते. या संघाचे लोक १८७८च्या सुमारास, म्हणजे ऐन दुष्काळाच्या शेवटी, खेड्यांतून हिंडू लागले. राहुरी तालुक्यातील केंदळ हे त्यांचे अगदी आरंभीचे ठाणे. पुढे वळण, संगमनेर, राहाता अशी केंद्रे उभी राहिली. १८८६ साली पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्यात आपला जिल्हा होता. १९८७ सालापासून तो नाशिक धर्मप्रांतात आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. "दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, त्यात कसला आला विश्वास?" असे म्हणणारे भेटतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते त्याने हा प्रश्न जरा जपून विचारावा. ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातील होते. गावकुसाबाहेर राहणे, पाणवठ्यावर मज्जाव, देवळाच्या पायरीशी थांबणे, गावकीची वेठ, हे त्यांच्या वाट्याला दुष्काळापूर्वीही होते आणि दुष्काळानंतरही राहिले. भाकर हे एक कारण असेल. परंतु भाकर मिळाल्यावर, पाऊसपाणी सुधारल्यावरही ती माणसे तेथेच टिकली, मुलांना पाटीपुस्तक घेऊन शाळेत धाडू लागली, याचा अर्थ भाकरीखेरीज आणखी काही त्यांना तेथे मिळत होते.

ते काय, हे समजण्यास केंदळचीच एक गोष्ट पाहावी. फादर हेन्री डोरिंग नावाच्या जर्मन धर्मगुरूंनी १९०३ साली या खेड्यातून 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. पुढे १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ या मासिकाचे नाव मराठी ख्रिस्ती घरांतून घेतले जात आहे. जेथील माणसांच्या बापजाद्यांना अक्षर शिवू दिले नव्हते, तेथून मासिक निघावे, ही घटना लहान नव्हे.

पहिले चर्च म्हणजे धाब्याची खोली

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा आणि रंगीत काचा येतात. आपल्या खेड्यांतील सुरुवात तशी नव्हती. वस्तीत एक खोली असे. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी सरे आणि त्यांवर माती दाबून केलेले धाबे. दिवसा तेथे शाळा भरे, सायंकाळी प्रार्थना होई, आणि फादर घोड्यावरून किंवा बैलगाडीतून फिरतीवर आले की त्याच खोलीत मिस्सा होई. शाळेचा मास्तर तोच धर्मशिक्षक, तोच प्रार्थना सांगणारा, तोच कोणाचे पत्र लिहून देणारा. वस्तीतील लोक आजही त्या पदाला 'मास्तर' एवढेच म्हणतात.

या मास्तरांचे महत्त्व पहिल्या महायुद्धात कसोटीस लागले. १९१४ साली इंग्रज आणि जर्मन यांचे युद्ध जुंपताच कालचे जर्मन फादर सरकारच्या लेखी शत्रू ठरले. कित्येकांना स्थानबद्ध केले, आणि १९१५-१६ साली पुष्कळांना बोटीने मायदेशी पाठविले. जर्मन कैद्यांचा मोठा तळ आपल्या नगरलाच होता. परदेशी धर्मगुरू गेले तरी वस्तीतील प्रार्थना बंद पडली नाही. आमच्या धंद्यात आम्ही नेहमी सांगतो की पुढारी तुरुंगात गेल्यावर जी युनियन चालते तीच खरी युनियन. त्या मापाने पाहिले तर ही मंडळी खरी ठरली.

इमारत कशी वाचावी

आता आपण इमारतीकडे वळू. हरेगावात काय किंवा केंदळात काय, कॅथॉलिक चर्चमध्ये काही गोष्टी ठरलेल्या असतात. दारापाशी पवित्र पाण्याचे भांडे. त्यात बोट बुडवून माणूस क्रुसाची खूण करतो. आत लांबट दालन. त्याच्या दूरच्या टोकास एक-दोन पायऱ्या उंच जागी वेदी, म्हणजे दगडी वा लाकडी मेज. जवळच अभिषिक्त भाकर ठेवण्याची लहान पेटी आणि तिच्याशेजारी सतत तेवणारा दिवा. क्रुसावरील येशू, मरियेची मूर्ती, आणि भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे. या चौदा चित्रांत येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवीपर्यंतची हकीगत असते. निरक्षर माणसाला ती वाचावी लागत नाही, भिंतीकडेने चालत गेले म्हणजे कळते. नगर शहरातील ह्यूम मेमोरियल चर्च आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ते प्रॉटेस्टंट. तेथे भर वचनाच्या वाचनावर आणि प्रवचनावर, म्हणून मूर्तींचा हा परिवार तेथे आढळणार नाही.

या दालनाच्या आकाराला इतिहास आहे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांना ३१३ साली उघडपणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली. त्यांना मोठ्या जागा हव्या झाल्या. रोमन देवळांचा नमुना त्यांनी घेतला नाही, कारण देवळात देव आत आणि माणसे बाहेर अशी रचना होती. त्यांनी नमुना घेतला तो न्यायनिवाड्याच्या आणि व्यापाराच्या सार्वजनिक दालनांचा. म्हणजे चर्च हे मुळात सभागृह आहे. आपल्या देवळातील गाभारा लहान, अंधारा, आत पुजारी. भक्त रांगेने येतो, दर्शन घेतो आणि जातो. त्या रचनेत एक गंभीर सौंदर्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. पण चर्चचे काम निराळे. तेथे ठरल्या वेळी सर्वांनी एका छपराखाली जमावयाचे, एकत्र ऐकावयाचे, एकत्र गावयाचे आणि एका मेजावरील भाकरीत वाटेकरी व्हावयाचे. मशिदीचेही बरेचसे असेच आहे. आता हा आकार आपल्या जिल्ह्यातील गावकुसाबाहेरच्या माणसापुढे ठेवून पाहा. आजवर त्याने ज्या इमारती पाहिल्या त्या बाहेरून पाहिल्या. मध्ये दालन, समोर मेज, आणि आपण आत, हा अनुभव त्याला पहिल्यांदा या खोलीने दिला.

आम्हांस हे पुस्तकातून उमगले नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी राहुरीकडील एका खेड्यात आम्ही ऊसतोडणी मजुरांची सभा ठेविली होती. उघड्यावर सभा, आणि अवकाळी पाऊस कोसळला. जवळच वस्तीतील छोटे चर्च होते. तेथील मास्तरांनी दार उघडले व म्हणाले, "या आत. पावसाला काय धर्म असतो?" आम्ही शेसव्वाशे माणसे आत शिरलो. बायकामुले, कोयते, भिजलेली गाठोडी, सगळे आत. एक म्हातारी मात्र दाराच्या चौकटीशी उभी राहिली. पाऊस अंगावर घेत होती, पण उंबरा ओलांडीना. मास्तरांच्या घरची बाई गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "ये की मावशे, इथं कुणी कुणाला हटकीत न्हाई." म्हातारी आत आली आणि भिंतीला टेकून बसली. सभेत आम्ही काय बोललो ते आज आठवत नाही. ती म्हातारी आणि तो उंबरा मात्र विसरता येत नाही.

दगड, चुना आणि कैची

त्या दिवशी सभा संपली तरी पाऊस थांबला नव्हता. मजुरांत एक वृद्ध गवंडी होता, धंदा बसल्यामुळे उसाच्या फडात आलेला. तो भिंतीवरून हात फिरवीत होता. "चुन्याचं काम आहे, साहेब," तो म्हणाला, आणि आमचा पहिला पाठ सुरू झाला.

आपल्या जिल्ह्याचा दगड काळा. तो ज्वालामुखीच्या रसाचा थिजून झालेला आहे. अतिशय कठीण. गोव्याचा आणि कोकणाचा जांभा मऊ असतो, कुऱ्हाडीने चिरा निघतो, पण पाऊस सोसण्यासाठी त्याला वरून गिलावा द्यावा लागतो. म्हणून गोव्यातील चर्चे पांढरीशुभ्र दिसतात, आणि गिलाव्यात नक्षी करणे सोपे असल्याने त्यांची दर्शनी बाजू वेलबुट्टीने भरलेली असते. काळ्या दगडावर नाजूक नक्षी काढावयाची तर पाथरवटाचे हात झिजतात. मग खेड्यातील गरीब कामात नक्षी येणार कोठून? तेथे शोभा असते ती सरळ घडीव कोपऱ्याची, सारख्या दरजांची आणि बरोबर बसलेल्या कमानीची.

कमानीची युक्ती अशी. पाचरीसारखे घडलेले दगड एकमेकांवर रेलतात. वरचा भार त्यांना खाली ढकलतो तसतसे ते एकमेकांत अधिक घट्ट बसतात. भार दोन्ही बाजूंस बाहेर रेटतो, म्हणून बाजूची भिंत जाड ठेवावी लागते किंवा तिला बाहेरून दगडी टेकू द्यावा लागतो. माथ्यावरचा मधला दगड बसेपर्यंत खाली लाकडाचा साचा असतो. तो काढताना गवंड्याच्या काळजाचे पाणी होते.

दगड सांधतो चुना. काळ्या मातीच्या भागात चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजावयाचे, पाण्याने विरवावयाचे, मग वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून बैलाच्या घाणीत मळावयाचे. कोठे गूळ, कोठे बेलफळाचा गर घालीत. हा चुना भिंतीत गेल्यावर हवेतील कर्बाम्ल वायू शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. हे काम महिनोन्‌महिने, वर्षोनवर्षे चालते. म्हणून चुन्याची भिंत जुनी होते तशी पक्की होते. ही विद्या कोणा फादरने युरोपातून आणली नाही. निजामशाहीच्या काळापासून ती नगरच्या कारागिरांच्या हातात होती. आपली दमडी मशीद पाहा. सोळाव्या शतकातील ते काम दगडातील कोरीव कारागिरीसाठी नावाजलेले आहे. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभारली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, मजुरांच्या मनात ती शतकानुशतके राहिली, हे आम्हांस पुरेसे आहे.

आता छप्पर. धाब्याच्या घराची रुंदी सऱ्याच्या लांबीएवढी. त्याहून मोठी जागा हवी तर मध्ये खांब द्यावे लागतात. म्हणून आपण घर खणांत मोजतो. पण चर्चमध्ये मधोमध खांब आले तर मागच्याला वेदी दिसत नाही. यावर उपाय म्हणजे कैची. दोन तिरप्या तुळया वर जोडल्या आणि खाली आडवी तुळई देऊन त्यांचे पाय बांधले की त्रिकोण होतो. त्रिकोण मोडल्यावाचून वाकत नाही. तिरप्या तुळया भिंतींना बाहेर ढकलू पाहतात, आडवी तुळई त्यांना आवरते. अशा कैच्या ओळीने ठेविल्या म्हणजे खांबांवाचून दालन मिळते. वर मंगलोरी कौले. ही कौले यंत्रावर करण्याचा पहिला कारखाना मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली काढला. ती एकमेकांत खाचेने अडकतात आणि धाब्याच्या मातीपेक्षा पुष्कळ हलकी असतात. त्यामुळे ती शाळा, गिरणी, स्टेशन आणि चर्च अशी सर्वत्र पसरली. उतरते छप्पर उंच असल्यामुळे आतली ऊन हवा वर जाते. शेसव्वाशे माणसे पावसात आत कोंडली असताना आमचा जीव गुदमरला नाही, याचे कारण हे होते.

घंटा आणि भोंगा

चर्चच्या घंटेशी मराठी माणसाची ओळख फार जुनी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील पोर्तुगीज घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरास त्या पाहावयास मिळतात. खेड्यातील चर्चची घंटा मात्र विजयाची नव्हे, वेळेची. जुन्या प्रघाताप्रमाणे ती सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा वाजते. घड्याळ नसलेल्या वस्तीत ती सर्वांची होती.

हरेगावात या घंटेला एक जोडीदार मिळाला, तो साखर कारखान्याचा भोंगा. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि कालव्याचे पाणी या माळरानावर आले. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारमार्फत बेलापूर कंपनीकडे खंडाने गेल्या, उसाचे मळे झाले, हरेगावास कारखाना झाला. कामासाठी लोक आले, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली. शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणीस १९५० साली सुरू झाला. त्याआधीची कितीतरी वर्षे खासगी कंपनीची होती. म्हणजे हरेगावचे चर्च शेतकरी गावाचे जसे, तसे मजूर गावाचेही आहे. चर्चचा इतिहास लिहिणारे घंटेविषयी लिहितात, कारखान्याचा इतिहास लिहिणारे भोंग्याविषयी लिहितात. ज्या माणसाच्या दिवसाचे तुकडे या दोन आवाजांनी पाडले, त्याच्याविषयी दोघेही लिहीत नाहीत.

याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये वतनदार महारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. वतनी जमिनीवरील जुडीच्या वाढीचा प्रश्न होता. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. ते वतन कायद्याने जावयास १९५८ साल उजाडले. एका बाजूस घंटा, दुसऱ्या बाजूस भोंगा, आणि मध्ये ही परिषद. आपल्या जिल्ह्यातील दलित माणसाने आपली सुटका किती वाटांनी शोधली, हे या एका गावात दिसते. कोणी धर्म बदलून, कोणी संघटना करून, कोणी कायद्याने. या वाटा एकमेकींच्या वैरी आहेत असे आम्ही मानीत नाही.

परिषदेनंतर दहा वर्षांनी मतमाउलीची यात्रा सुरू झाली आणि वास्तूच्या दृष्टीने एक नवल घडले. चर्चमध्ये शेकडो माणसे मावतात, यात्रेस हजारो येतात. मग मैदानच चर्च होते. उघड्यावर वेदी, आभाळाचे छप्पर. पंढरीची वारी ज्या मातीत रुजली त्याच मातीत हे घडले, यात आश्चर्य नाही. युरोपातून आलेल्या दालनाला दख्खनच्या माणसाने जत्रेचे अंगण जोडले.

वेदी वळली, काही भिंती उरल्या

१९६२ ते १९६५ या काळात रोमला कॅथॉलिक धर्मसभेची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून वेदीपुढे उभा राही. परिषदेनंतर लोकभाषा आली. वेदी भिंतीपासून पुढे सरकली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. एक दगडही न हलविता इमारतीचा अर्थ पालटला. मराठी ख्रिस्ती वाणी मात्र त्याहून फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, आणि नगरला राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन व भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. टिळक प्रॉटेस्टंट, पण त्यांचा सूर पंथाच्या कुंपणात राहिला नाही.

इतके चांगले सांगितल्यावर उणे सांगितले पाहिजे. आम्ही युनियनच्या सभेतही तसेच करतो. उंबरा ओलांडला म्हणून जात बाहेर राहिली असे झाले नाही. गोव्यात चर्चमधील मंडळे जातवार होती. आपल्याकडेही सोयरीक जुळविताना जुनी जात विचारली जाते, हे ख्रिस्ती मित्रच आम्हांस सांगतात. दुसरी भिंत सरकारी आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र त्यातून बाहेर राहिला. गाव त्याला जातीवरून ओळखते, कागद ओळखीत नाही. ज्या माणसाने आत येण्यासाठी एक दार शोधले, त्याला दुसऱ्या दाराबाहेर उभे करणे, यास न्याय म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

आपण काय करावे

हरेगावचा भोंगा आता वाजत नाही. तो कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. घंटा वाजते. जिल्ह्यात चुन्यादगडाची जी जुनी छोटी चर्चे आणि प्रार्थनाघरे आहेत, त्यांना आज मोठे भय आहे ते हौशी दुरुस्तीचे. वर्गणी जमते, लोक प्रेमाने सिमेंटचा गिलावा देतात, गुळगुळीत फरश्या लावतात. चुन्याची भिंत श्वास घेते, पावसाळ्यात घेतलेली ओल उन्हाळ्यात सोडते. सिमेंट तिचे तोंड बंद करते. मग ओल आत राहते, लोणा फुटतो, दरजा सुटतात, आणि "इमारत जुनी झाली" म्हणून ती पाडतात. चुन्याच्या दरजा चुन्यानेच भराव्यात. चुना मळणारे गवंडी विरळ झाले आहेत, पण आहेत. त्यांना शोधावे, शिकाऊ मुले त्यांच्या हाताखाली द्यावीत. एवढ्याने इमारतही वाचेल आणि दोन माणसांना कामही मिळेल.

आणखी एक विनंती. देणगी देणाराचे नाव संगमरवरावर कोरलेले असते. भिंत बांधणाऱ्याचे नाव कोठेच नसते. वस्त्यांतून अजून अशी म्हातारी माणसे भेटतात, ज्यांना आपल्या आज्याने कोणती कमान बसविली, आजीने डोक्यावरून किती पाणी वाहिले, हे ठाऊक आहे. ती नावे एका साध्या वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या सप्टेंबरात आपण हरेगावास जरूर जा. पण त्याआधी एकदा, गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशीही जाऊन या. दारात चपला काढा, आत शांत बसा आणि भिंतीकडे पाहा. त्यानंतर मास्तरांना विचारा की हे कोणी बांधले. उत्तर यावयास थोडा वेळ लागेल, पण ते येईल. वही तेवढी बरोबर असू द्या.